कुंडीचं मिठागर होऊ नये म्हणून
(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

उरणमध्ये गुलाब होत नाही, असं एक वाक्य आपल्याकडे अगदी ठरून गेलेलं आहे. जास्वंद होते, अबोली होते, मोगरा तर मुबलक फुलतो. पण गुलाब आणला की पावसाळ्यात जातो, आणि पावसाळ्यातून वाचला तर पुढच्या मे महिन्यात जातो. दर वर्षी थंडीच्या दिवसांत हातगाडीवरून किंवा रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून टपोऱ्या फुलाचं रोप घरी येतं आणि ऑगस्टमध्ये कुंडीत नुसत्या काळ्या काड्या उरतात. मग त्या कुंडीत दुसरं काहीतरी लावलं जातं आणि ते वाक्य पुन्हा एकदा म्हटलं जातं.

या वाक्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. एका दांड्यावर एक मोठं फूल देणारा, प्रदर्शनात शोभणारा कलमी गुलाब उरणच्या हवेत सांभाळणं खरोखरच कठीण आहे. पण गुलाब म्हणजे तेवढाच नव्हे. ज्याला आपल्याकडे ‘बटण गुलाब’ म्हणतात, तो हात-दीड हात उंचीचा, झुपक्यांनी फुलणारा लहान गुलाब आपल्या गॅलरीत आणि दारापुढच्या चिमुकल्या बागेत चांगला राहू शकतो. त्याची अट एकच आहे. मुळाशी मीठ साचू द्यायचं नाही आणि पाणी तुंबू द्यायचं नाही. आज जे सांगायचं आहे ते सगळं या अटीभोवतीच आहे.

मीठ उरणकरांना नवं नाही. इथली मिठागरं प्रसिद्ध होती. आगरी समाजाचं नावच आगराशी जोडलं जातं. बंदर आलं, वसाहती आल्या आणि बरीचशी आगरं भरावाखाली गेली. पण मीठ कसं पिकतं हे इथल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. उथळ कोंडीत खाडीचं पाणी घ्यायचं, ऊन आणि वारा त्यातलं पाणी उडवून नेतात आणि मीठ मागे राहतं. पुन्हा पाणी घ्यायचं, पुन्हा तेच. पाऊस आला की हंगाम संपला.

आता आपल्या कुंडीकडे बघा. उन्हाळ्यात दहा इंची कुंडी दिवसाला एक लिटर पाणी सहज पिते. समजा, ते पाणी बोअरवेलचं, थोडं मचूळ आहे आणि त्यात लिटरला एक ग्रॅम क्षार आहेत. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम असतात, त्या मानानं हे पाणी जिभेला फारसं खारटही लागणार नाही. पण मार्च ते मे हे तीन महिने धरले तर नव्वद दिवसांत नव्वद ग्रॅम क्षार त्या लहानशा मातीत उतरले. पाणी पानांतून आणि मातीतून उडून गेलं, क्षार तिथेच राहिले. म्हणजे ती कुंडी एक छोटं मिठागरच झालं! मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगाला जो पांढरा थर धरतो, तो याच पिकाचा.

गुलाब हे मिठाच्या बाबतीत नाजूक झाड आहे. मातीतलं पाणी खारट झालं की मुळांना ते ओढून घेता येत नाही. माती ओली दिसते आणि झाड मात्र तहानलेलं असतं. शिवाय मिठातला क्लोराइड पानांच्या कडांकडे जाऊन साठतो. त्यामुळे पानाची कड तपकिरी होते, करपल्यासारखी वाळते आणि आतला भाग हिरवाच राहतो. हे पाहून आपण समजतो की पाणी कमी पडलं. मग तेच मचूळ पाणी आणखी घालतो आणि दुखणं वाढवतो. उरणमधले मे महिन्यात मेलेले कितीतरी गुलाब उन्हानं मेले असं आपण म्हणतो, पण खरं तर त्यांच्या मुळांना मीठ बाधलेलं असतं.

म्हणून गुलाब लावण्याआधी पाणी ओळखा. रानसई आणि हेटवणे या धरणांचं नळाचं पाणी गोडं आहे, ते उत्तम. बोअरवेलचं किंवा जुन्या विहिरीचं पाणी असेल तर साबण फेसतो का ते पाहा. फेस लवकर धरत नसेल तर पाण्यात क्षार जास्त आहेत असं समजा. पाणी शुद्ध करण्याचं यंत्र बसवायला येणारा मनुष्य खिशातून एक लहान टीडीएस मीटर काढतो, त्यानं मोजून घेतलं तर अधिक चांगलं. शेतीच्या पाण्यासाठी जगभर वापरला जाणारा ढोबळ नियम असा की, आकडा साडेचारशेच्या आत असेल तर चिंता नाही. साडेचारशे ते दोन हजारमध्ये सांभाळून वापरावं. आणि दोन हजारच्या वर असेल तर ते पाणी बहुतेक झाडांना नको. गुलाबासाठी हजारच्या खालीच राहिलेलं बरं.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. घरच्या आरओ यंत्रातून जे पाणी नळीवाटे वाया जातं, ते पुष्कळजण जपून बादलीत धरतात आणि झाडांना घालतात. हेतू चांगला, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. ते फरशी पुसायला वापरावं, गुलाबाला नको. याउलट एअर कंडिशनरच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणीही चालतं, फक्त त्यात मीठ पडलेलं नसावं. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येतं तेव्हा माणसांच्या तोंडचं पाणी गुलाबाला घालावं असं मी म्हणणार नाही. म्हणूनच सांगतो, कुंड्या मोजक्या ठेवा. घरात जेवढं गोडं पाणी वाचतं तेवढेच गुलाब. चार कुंड्या नीट जगवणं हे बारा कुंड्या अर्धमेल्या ठेवण्यापेक्षा केव्हाही बरं.

पाण्यानंतर माती. द्रोणागिरीसारख्या भागात इमारती पुष्कळशा भराव घातलेल्या जमिनीवर उभ्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत आली, तेव्हापासून इथे घर घेणारे वाढले आणि गॅलरीत झाडं लावणारेही वाढले. नव्या माणसाला वाटतं, समोरचीच माती घेऊ. ती घेऊ नका. खाजणाची चिकण माती आणि पीरवाडीच्या किनाऱ्यावरची वाळू या दोन्ही गुलाबाला वर्ज्य आहेत. किनाऱ्याच्या वाळूत मीठ तर असतंच, शिवाय शिंपल्यांचा चुराही असतो. हा चुरा म्हणजे चुनाच. त्यानं माती अल्कधर्मी होते आणि झाडाला लोह मिळत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

कुंडीसाठी डोंगराकडची लाल माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि नदीची जाड रेती किंवा कोकोपीट एक भाग, त्यात मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरे. कोकोपीट घेतलं तर ते आधी गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून, पिळून धुवा. नारळाचा काथ्या पुष्कळदा खाजणाच्या मचूळ पाण्यात कुजवलेला असतो, त्यामुळे न धुतलेल्या कोकोपीटमध्येही मीठ असू शकतं. बटण गुलाबाला आठ ते दहा इंची कुंडी चालते, झुपकेदार मोठ्या जातीला बारा इंची. तळाला चांगली भोकं हवीत आणि कुंडी दोन विटांवर ठेवायला हवी, म्हणजे भोकं फरशीला टेकून बुजत नाहीत. खालची बशी काढून टाका. बशीत साचलेलं खारं पाणी मुळं पुन्हा वर ओढून घेतात.

ज्यांच्या दारापुढे थोडी जमीन आहे, त्यांनी खड्डा खणून गुलाब लावू नये. आपल्याकडे भूजल उथळ आहे आणि पावसाळ्यात खड्ड्याची विहीर होते. जमिनीवर विटांची कड करून दीड फूट उंचीचा गादीवाफा भरा आणि त्यात लावा. वर भरलेली माती आपल्या हातातली असते, खालची नसते.

आता गुलाब कोणता घ्यावा? इथे थोडा इतिहास ऐकण्यासारखा आहे. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण त्यांच्यात आला तो चिनी गुलाबांकडून. अठराव्या शतकाच्या अखेरीला हे चिनी गुलाब जहाजांतून युरोपात पोचले. त्यांतले काही कलकत्त्यामार्गे गेले, म्हणून तिकडे त्यांना ‘बंगाल गुलाब’ असंही नाव पडलं. याच चिनी गुलाबाचा एक बुटका प्रकार हा आजच्या मिनिएचर गुलाबांचा पूर्वज. फ्रान्समधल्या ल्यों शहरात गियो या रोपवाटिकाकारानं १८७५ च्या सुमारास झुपक्यांनी फुलणारा आशियाई जंगली गुलाब आणि चिनी गुलाब यांच्या संकरातून पॉलिएंथा हा वर्ग पुढे आणला. इंग्लंडमध्ये १९३२ साली आलेला ‘द फेअरी’ हा याच वर्गातला, आजही कुंडीसाठी नावाजला जाणारा. पुढे डेन्मार्कच्या पोल्सन कुटुंबानं पॉलिएंथाचा मोठ्या फुलाच्या गुलाबांशी संकर केला आणि फ्लोरिबंडा तयार झाले. थोडक्यात, आपल्या रोपवाटिकेत ‘बटण’ म्हणून जे मिळतं त्याच्या मुळाशी ही आशियातली, उष्ण हवा सोसणारी आणि बारमाही फुलणारी माणसाळलेली झाडं आहेत.

आपल्या देशातही या कामाला मोठी परंपरा आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल हे गव्हाच्या तांबेरा रोगाला दाद न देणाऱ्या वाणांचे शास्त्रज्ञ, आणि तेच आपल्याकडचे मोठे गुलाबकार. त्यांचा ‘दिल्ली प्रिन्सेस’ हा फ्लोरिबंडा आहे. दिल्लीच्या पुसा संस्थेनं काढलेले ‘मोहिनी’ आणि ‘बंजारन’ हेही फ्लोरिबंडाच. कोडाइकनालचे एम. एस. वीरराघवन आणि गिरिजा वीरराघवन या दांपत्यानं तर उष्ण प्रदेशासाठीच गुलाब घडवायचं व्रत घेतलं. त्यासाठी त्यांनी रोझा क्लिनोफायला नावाचा आपला देशी जंगली गुलाब वापरला. हा गुलाब बंगालच्या पाणथळ भागात नदीकाठी वाढतो आणि पावसाळ्यात मुळं पाण्यात बुडाली तरी तग धरतो. गुलाब म्हणजे थंड देशाचंच झाड, ही समजूत हा एक गुलाब खोटी ठरवतो.

एक सावधगिरीची सूचना इथेच देतो. परदेशी पुस्तकांत समुद्रकाठच्या बागेसाठी रोझा रुगोसा या गुलाबाची हमखास शिफारस असते. तो जपान आणि उत्तर चीनच्या किनाऱ्यावर वाळूत वाढतो, मीठ सोसतो, हे खरं आहे. पण तो थंड हवेचा आहे. उरणच्या मे महिन्यात त्याचा निभाव लागणार नाही. पुस्तकातला समुद्र आणि आपला समुद्र यांत फरक आहे.

रोपवाटिकेत गेल्यावर सगळ्यात मोठं फूल असलेलं रोप उचलू नका. फूल काय, आठ दिवसांत गळणारच आहे. पानं पाहा. चकचकीत, जाडसर, बुडापर्यंत टिकलेली पानं असलेलं रोप घ्या. बुडातून तीन-चार फांद्या निघालेल्या असाव्यात. एकच विचारा, हे डोळा भरलेलं आहे की काडीपासून केलेलं? मोठे गुलाब जंगली खुंटावर डोळा भरून तयार करतात. पावसाळ्यात वरचा भाग मेला की खालचा खुंट फुटतो, झाड जोमानं वाढतं आणि आपल्याला आनंद होतो. पण फूल येतं ते भलतंच, किंवा येतच नाही. बटण गुलाब काडीपासून, म्हणजे स्वतःच्याच मुळांवर वाढवता येतो. तो वरून पार बुडापर्यंत वाळला तरी बुडातून फुटणारा कोंब त्याच जातीचा असतो. आपल्यासारख्या ठिकाणी हा फार मोठा फायदा आहे.

आणखी एक गोष्ट पिशवीच्या आत लपलेली असते. बंगालमधून किंवा आंध्रातल्या कडियममधून येणारी पुष्कळ रोपं चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेली असतात. तो गोळा तसाच कुंडीत ठेवला, तर भोवतालची माती पाणी सोडते पण गोळा सोडत नाही. उन्हाळ्यात तो दगडासारखा वाळतो, पावसाळ्यात महिनोन्‌महिने चिंब राहतो आणि मुळं आतच कुजतात. म्हणून रोप थंडीच्या तोंडावर आणा, गोळा बादलीत अर्धा तास भिजवा आणि बाहेरची निम्मी माती हलक्या हातानं सोडवून मग लावा. नंतर आठवडाभर सावलीत ठेवा.

जागा निवडताना सकाळचं ऊन पाहा. पाच-सहा तास ऊन हवं, ते पूर्वेचं असलं तर उत्तम. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारचं कडक ऊन आणि समुद्राचा खारा वारा एकदमच येतात. अगदी किनाऱ्यालगत घर असेल तर वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म तुषार येऊन पानांवर बसतात. त्यासाठी भिंत बांधून उपयोग नाही, भिंतीवरून उडी मारून वारा पलीकडे भोवऱ्यासारखा आदळतो. वारा अडवायचा नसतो, गाळायचा असतो. हिरवी जाळी, बोगनवेल किंवा जास्वंदीची रांग वाऱ्याच्या बाजूला असली आणि तिच्या आडोशाला गुलाब ठेवला की पुरे. लहान गुलाबाचं हेही एक सुख आहे की गॅलरीच्या कठड्याच्या खाली तो आपोआप आडोशाला राहतो. मोठा गुलाब डोकं वर काढतो आणि वारा खातो.

आता वर्षाचं वेळापत्रक सांगतो. इंग्रजी पुस्तकातलं वर्ष वसंतात सुरू होतं, आपल्या गुलाबाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं.

पाऊस परतला की, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला, छाटणी करा. बटण गुलाब वरून एक-तृतीयांश कापायचा. वाळलेल्या, काळ्या पडलेल्या काड्या अगदी हिरवं लाकूड लागेपर्यंत काढायच्या. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडं वर तिरका काप घ्या, म्हणजे झाड आतून मोकळं राहतं. कात्री स्पिरिटनं पुसून घ्या आणि जाड कापांना बोर्डो पेस्ट लावा. नवी फूट दिसली की दोन मुठी गांडूळखत आणि अर्धी मूठ निंबोळी पेंड द्या. छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांत फुलं येतात, म्हणजे डिसेंबर लागता लागता झाड फुललेलं असतं. छाटलेल्या काड्या फेकू नका. त्यांतल्या पेन्सिलीएवढ्या किंवा त्याहून थोड्या बारीक, पाच-सहा इंची, तीन-चार डोळ्यांच्या काड्या धुतलेल्या रेतीत सावलीत टोचून ठेवा. महिना-दीड महिन्यात त्यांतल्या काहींना मुळं फुटतात. शेजाऱ्याला द्यायला याहून चांगली भेट नाही. उरणच्या हवेत जगलेल्या झाडाची ती काडी असते.

थंडीत झाड खातं, तेव्हा खायला द्या. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा दिलं तरी चालतं. पण रासायनिक खत म्हणजेही क्षारच, हे विसरू नका. ज्यांचं पाणी मचूळ आहे त्यांनी शेणखत, पेंड यांवरच भागवावं. फूल सुकलं की देठासकट खुडा. ते राहिलं तर झाड बी धरायच्या मागे लागतं आणि नव्या कळ्या उशिरा येतात.

मार्चपासून मिठागराचा हंगाम सुरू होतो. आपलं काम त्याला मोडता घालण्याचं. मातीवर वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन बोटं जाड थर पसरा, म्हणजे पाणी कमी उडतं आणि मीठ कमी साचतं. पाणी रोज चमचाभर घालण्यापेक्षा खालून थोडं निथळेल इतकं घाला. निथळणाऱ्या पाण्याबरोबर मीठ बाहेर जातं. आणि दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्यानं कुंडी धुवून काढा. कुंडी जेवढ्या मापाची तिच्या दुप्पट पाणी, हळूहळू, दोन-तीन वेळा मिळून. दुप्पट पाणी ऐकून दचकू नका. कुंडी नारळाच्या आळ्यात नेऊन ठेवा आणि तिथे हे काम करा. नारळ मीठ सोसतो, निथळलेलं पाणी त्याच्या कामी येतं. पानांवरचं मीठ आणि धूळ सकाळी लवकर पाणी शिंपडून उतरवा. पानांच्या मागच्या बाजूला मारलेल्या पाण्यानं लाल कोळीही धुवून निघतो. उन्हाळ्यातला हा गुलाबाचा मोठा शत्रू. मे महिन्यात फुलांचा हट्ट धरू नका, कळ्या खुडून झाडाला विश्रांती द्या.

मग पाऊस येतो. रायगडच्या किनारपट्टीवर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दहा इंची कुंडीच्या तोंडावर पडणारं हे पाणी जवळपास शंभर लिटर होतं. उन्हाळाभर साठलेलं मीठ धुवून काढायला इतकं गोडं पाणी आपल्याला विकत घेऊनही मिळालं नसतं. म्हणून पहिल्या चांगल्या सरींत कुंड्या खुशाल उघड्यावर ठेवा. मिठाचा प्रश्न निसर्ग सोडवतो. पण त्याच पाण्याबरोबर खतही वाहून जातं आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. तेव्हा जून सरला की कुंड्या पागोळीच्या धारेखालून काढा, विटांवर ठेवा, वरचा पाल्याचा थर काढून टाका आणि दोन झाडांत हातभर अंतर राखा. जुलै-ऑगस्टमध्ये खत देऊ नका. जे द्याल ते वाहून जाईल, आणि जे लागेल ते कोवळी फूट काढेल. ती रोगाला आयतीच सापडते.

पावसातला मुख्य रोग म्हणजे पानांवरचे काळे ठिपके. ठिपक्याची कड फाटल्यासारखी असते, भोवती पान पिवळं पडतं आणि गळतं. ही बुरशी पानात शिरायला पान सलग सात तासांच्या आसपास ओलं असावं लागतं. सगळी युक्ती या एका गोष्टीत आहे. संध्याकाळी पानं भिजवली तर ती रात्रभर ओली राहतात, सकाळी भिजवली तर तासाभरात वाळतात. झाडं एकमेकांना खेटून असतील तर वाळत नाहीत, मोकळी असतील तर आपला समुद्राचा वारा ती वाळवतो. ज्या वाऱ्याला आपण उन्हाळ्यात नावं ठेवतो तोच इथे उपयोगी पडतो. गळलेली, ठिपक्यांची पानं रोज गोळा करून कचऱ्यात टाका, कुंडीत कुजू देऊ नका. बुरशीचं बी त्यांतच राहतं. थंडीत पानांवर पांढरी भुरी दिसली तर तो भाग खुडा आणि कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, साबणाचे थोडे थेंब घालून ऊन उतरल्यावर फवारा.

याहून जालीम औषधांच्या मागे शक्यतो लागू नका. गॅलरीत कपडे वाळतात, मुलं खेळतात, खिडकी स्वयंपाकघराची असते. तिथे दर आठवड्याला विषारी फवारा मारावा लागत असेल तर चूक फवाऱ्यात नाही, जातीच्या निवडीत आहे. जगही आता याच बाजूला वळलं आहे. जर्मनीत नव्या गुलाबांची जी अधिकृत चाचणी होते, त्यात १९९० च्या दशकापासून औषधं मारणं बंद आहे. औषधाशिवाय जो टिकेल तोच उत्तीर्ण. अमेरिकेत विल्यम रॅडलर यांचा ‘नॉक आउट’ हा २००० साली पुरस्कार मिळालेला गुलाब काळ्या ठिपक्यांना दाद न देण्यासाठीच गाजला. आपण तीच चाचणी आपल्या गॅलरीत घेऊ शकतो. पाच रोपांतलं जे औषधाविना ऑगस्ट ओलांडेल, त्याच्या काड्या ऑक्टोबरमध्ये लावायच्या. आणि रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाच्या पाकळ्यांचा गुलकंद करू नका, तिथे त्यावर काय मारलं आहे ते आपल्याला ठाऊक नसतं.

झाड आजारी दिसलं की औषधाच्या दुकानात जाण्याआधी पानाला विचारा. कड करपली, आत हिरवं, तर मीठ. कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या, तर चुना. खालची पानं सरसकट पिवळी आणि माती ओली, तर तुंबलेलं पाणी. काळे ठिपके आणि भोवती पिवळेपणा, तर बुरशी. शेंड्याकडून काडी काळी पडत खाली येत असेल तर मर, तेव्हा हिरव्या लाकडापर्यंत कापा. या पाच खुणांत आपल्याकडचे बहुतेक गुलाब ओळखता येतात, आणि त्यांतल्या तिन्ही पहिल्या खुणांवर बाटलीतलं औषध नाही; पाणी, माती आणि कुंडीचं भोक हाच उपाय आहे.

बटण गुलाबाचं फूल रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. ते फुलदाणीत एकटं शोभत नाही, पुष्कळांना वासही बेताचाच असतो. पण डिसेंबर ते मार्च एका झुडपावर वीस-पंचवीस फुलं एकावेळी असतात; देवाला वाहायला, वेणीत माळायला, मुलीच्या वहीत ठेवायला ती पुरतात. सुरुवात करायची असेल तर ऑक्टोबरची वाट पाहा, दोनच रोपं आणा, आणि त्याआधी आपल्या नळाचं नि बोअरवेलचं पाणी एकदा मोजून घ्या.